राईची मोजदाद

राहनाळ, ता. भिवंडी
१२ जानेवारी २०२५

चि. रुचिकास,

हरेशमामाचे आशीर्वाद, पोचले तर.

तुझा फोन तीन महिने लागत नाही. आपण संपर्क करीत असलेली व्यक्ती क्षेत्राच्या बाहेर आहे असं सांगणारी जी बाई आहे, तिची न् माझी आता चांगली ओळख झाली आहे. शेवटी तुझी आई म्हणाली, दादा, पत्र टाक, तिकडे पोस्टमन अजून जातो. पोस्टात जाऊन पाकीट मागितलं तर काउंटरवरच्या माणसाने विचारलं, ‘कोर्टाची नोटीस पाठवायची हाय का?’ म्हटलं, नाही, भाचीला पत्र. त्याने मागे बसलेल्या साहेबाला हाक मारून मला दाखवलं.

माझ्या गोडाऊनमध्ये एसीत बसून बिलं फाडायची नोकरी तुला दिली होती. ती सोडून तू वनरक्षक झालीस आणि डोंगरात झाडं राखायला गेलीस. झाडं पळून जातात का गं? इतकी वर्षं आमच्या गाळ्यांवर वॉचमन आहे, पण निदान तो हलणाऱ्या मालावर आहे.

तर ऐक. शनिवारी, १ फेब्रुवारीला आम्ही तुझं ते धारेमाळ अभयारण्य बघायला येतो आहोत. मी, तुझी मामी आणि सुफियान. सुफियान तुला आठवत असेल, आपला स्टॉककीपर. आधी लूमवर मुकादम होता. त्याच्या हाताखाली आजवर एक खोका हरवलेला नाही. कोन गावच्या पुलापलीकडे कल्याण सोडून त्याने जग पाहिलेलं नाही, म्हटलं त्यालाही हवा दाखवू.

हॉटेल कोणतं बरं, गरम पाणी चोवीस तास असतं का, गाडी झाडापर्यंत जाते का आणि वाघ साधारण किती वाजता दिसतो, एवढं कळव. तिथली झाडं पाचशे-सातशे वर्षांची आहेत म्हणे. इथे पडघ्याला हायवेच्या कडेला दहा वर्षांचं झाड दिसलं तरी लोक थांबून त्याच्यासोबत फोटो काढतात, तेव्हा उत्सुकता आहे.

तुझा,
हरेशमामा

*

वनरक्षक नाका, हिरडवाडी
धारेमाळ अभयारण्य
२० जानेवारी २०२५

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. पोस्टमनने पत्र दिलं आणि तो उभाच राहिला. म्हणाला, घरात सगळं बरं हाय ना, वाचून सांगा, मग जातो. तेव्हा पत्र लिहून तुम्ही दोन ठिकाणी घबराट केलीत.

हॉटेल नाही. नाक्यामागे दोन खोल्या आहेत, त्यातल्या एकीत साप नसतो. गरम पाणी चूल पेटवाल तेव्हा मिळेल. गाडी हिरडवाडीपर्यंत येते, पुढे दीड तास पाय असतात ते वापरायचे. वाघ नाही. बिबट्या आहे, पण त्याची भेटीची वेळ तो ठरवतो. शेकरू दिसेल. खार असते तशी, पण मांजरापेक्षा मोठी आणि मामीसारखी तपकिरी शाल पांघरलेली. मामींना हे वाचून दाखवू नका.

आता चेष्टा पुरे, हे नीट वाचा. तुम्हाला जे बघायचं आहे ती वाघजाईची राई. डोंगराच्या कुशीत देवीच्या नावाने राखलेलं जंगल, कुऱ्हाड कधीच लागलेली नाही. आत चप्पल चालत नाही. हिरवी फांदी मोडायची नाही, वाळकी काडीसुद्धा बाहेर आणायची नाही. अत्तर, स्पीकर, गुटखा, तुमचं ते मोठ्याने फोनवर ‘गाडी लागली का?’ विचारणं, सगळं बाहेर. राईचे पुजारी रामूबुवा तुम्हाला आत नेतील. बुवा तिरसट आहेत. सरकार, ठेकेदार आणि पर्यटक हे तिन्ही शब्द ते एकाच सुरात उच्चारतात.

मला त्या राईत पाऊल टाकायला दोन वर्षं लागली, मामा. माझ्या ताब्यात अठराशे हेक्टर जंगल आहे आणि साधन म्हणून एक काठी न् एक शिट्टी. राई टिकली आहे ती हिरडवाडीमुळे. दर फेब्रुवारीत गाव राईभोवती जाळरेषा काढतं. म्हणजे गवत कापून, वाळलेलं आधीच जाळून मोकळा पट्टा करायचा, वणवा लागला तरी त्या पट्ट्याशी थांबतो. आणि वणवा आलाच तर विझवायला गावच धावतं. पहिल्या वर्षी मला कुणी विचारलंही नाही. गेल्या वर्षी रामूबुवांनी स्वतः येऊन माझ्या हातात कोयता दिला. मला नोकरीची ऑर्डर मिळाली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

तेव्हा माझी अब्रू सांभाळा. रविवारी २ तारखेला मला तालुक्याला बैठक आहे, मी सोमवारीच परत येईन. तुम्ही एक दिवस एकटे असाल. एका दिवसात काय बिघडणार म्हणा.

तुमची,
रुचिका

*

राहनाळ
५ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिकास,

आशीर्वाद. आम्ही सुखरूप पोचलो. मामीचे गुडघे अजून तुझ्या डोंगरातच आहेत, सवडीने पाठवून दे.

खरं सांगायचं तर दीड तास चढताना मी तुझ्या खात्याला आणि तुझ्या वडलांना, दोघांनाही मनातल्या मनात बरंच काही बोललो. मग राईत शिरलो. काय गं ती झाडं! एका अंजनीला मी, सुफियान आणि बुवा असे तिघांनी हात धरून वेढा घातला, तरी हात पुरेनात. गारंबीची वेल बघून सुफियान म्हणतो, ‘सेठ, ये कौन से जमाने की केबल डाल के रक्खी है?’ उन्ह खाली पोचतच नाही. तुझी मामी लग्नानंतर पहिल्यांदा अर्धा तास गप्प बसली. शेकरूही दिसली. तिच्या अंगावर तुझ्या मामीच्या शालीसारखाच रंग आहे, आणि हो, मी तुझं पत्र वाचून दाखवलं.

पण तुझ्या खात्याचा कारभार! मी बुवांना विचारलं, राईत झाडं किती? बुवा म्हणाले, ‘हायेत तेवडी हायेत.’ मी म्हटलं, अंदाजे? ते म्हणाले, ‘कमी न्हाईत.’ म्हणजे स्टॉक किती हे कुणालाच माहीत नाही! रजिस्टर नाही, नंबर नाही. उद्या रातोरात दोन झाडं गेली तर कळणार कसं? माझ्या गोडाऊनमध्ये साबणाची वडी इकडची तिकडे झाली तरी सुफियान जेवत नाही.

तर तुझ्या मामाने रविवारी नुसती हवा खाल्ली नाही. बुवा शेजारच्या वाडीत लग्नाला गेले होते, मामी गाडीत झोपली होती, आणि आम्ही सकाळी सात ते संध्याकाळी पाच काम केलं. काय ते सांगत नाही. राईत गेलीस की दिसेल. तुझा साहेब तुला बढती देईल. आभार नकोत, आपण घरचीच माणसं.

तुझा,
हरेशमामा

*

हिरडवाडी
११ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

नमस्कार.

दिसलं. चारशे बारा झाडांवर पिवळ्या स्प्रेने चारशे बारा आकडे. तुमच्या गाडीत पडलेला खोक्यांचा छापा धरून मारलेले, सगळे एका उंचीवर, सगळे एका आकाराचे. सुफियानभाईंचं काम सुबक आहे. ‘हा भाग वर’ असा बाण काढला नाहीत त्याबद्दल झाडांच्या वतीने आभार. आणि चपला बाहेर काढून आत गेला होतात हेही कळलं. पावित्र्य पाळलंत.

मामा, या डोंगरात झाडावर आकडा कधी पडतो माहीत आहे? झाड विकलं जातं तेव्हा. खात्याचा माणूस येतो, आकडा टाकतो, हातोड्याचा शिक्का मारतो आणि महिन्याभरात ठेकेदाराचे ट्रक येतात. समोरचा डोंगर तीस वर्षांपूर्वी असाच बोडका झाला. हिरडवाडीतल्या लहान पोरालाही आकड्याचा अर्थ कळतो. त्यांनी काय पाहिलं? वनरक्षक बाई बैठकीला गेली, तिचा भिवंडीचा गोडाऊनवाला मामा मागे राहिला आणि संध्याकाळपर्यंत देवीच्या सगळ्या झाडांवर नंबर.

मी घरोघरी जाऊन सांगितलं की हा मूर्खपणा आहे, सौदा नाही. लोक ऐकून घेतात. चहाही देतात. पण मी निघाले की दार लावून घेतात, पूर्वी नव्हते लावत. रामूबुवा माझ्याशी बोलत नाहीत. साहेबांनी लेखी खुलासा मागितला आहे. त्यात ‘माझे मामा’ एवढे दोन शब्द लिहून मी तासभर बसले होते, पुढे काय लिहायचं सुचवा.

सोमवारी जाळरेषेचं काम सुरू व्हायचं होतं. मी कोयता घेऊन गेले. कुणीही आलं नाही.

रुचिका

*

राहनाळ
१८ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिकास,

आशीर्वाद. तुझं पत्र मामीने आधी वाचलं, मग मला वाचून दाखवलं, मग तुझ्या आईला फोनवर वाचून दाखवलं. दोन्ही घरांत माझ्याशी बोलणं बंद आहे. सुफियान बोलतो, पण पगार देणाऱ्याशी बोलावंच लागतं.

मला काय माहीत बाई, आकड्याचा असा अर्थ होतो? आमच्याकडे नंबर टाकला म्हणजे वस्तू जपायची असते. ज्याला नंबर नाही ती वस्तू बेवारस. मी चांगल्या मनाने केलं. चारशे बारा वेळा वाकलो, कंबर धरली, डॉक्टरने पट्टा दिला आहे. जगात चांगुलपणाला किंमत नाही हे ऐकून होतो, आता पट्टाही आहे.

असो. चूक झाली असेल तर ती भरून काढणारा माणूस आहे मी. गावाची समजूत काढायची रीत मला तुझ्यापेक्षा जास्त कळते. आजच टेम्पो पाठवला आहे. साठ ब्लँकेटं आहेत, चांगली जाड, डबल बेडची. प्रत्येक घरी दोन दे आणि सांग, हरेश पाटलांकडून सप्रेम. बघ, दुसऱ्या दिवशी कोयते घेऊन लाइन लागेल.

खुलाशात असं लिही की ‘सदर इसमाचा हेतू शुद्ध होता’. कोर्टात चालतं हे वाक्य.

तुझा,
हरेशमामा

*

हिरडवाडी
२७ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

ब्लँकेटं पोचली. नाक्याच्या ओसरीत पडून आहेत. एकही कुणी नेलं नाही.

समोरचा डोंगर तोडला त्या ठेकेदाराने आधी काय केलं होतं, ते मला काल एका म्हातारबाने सांगितलं. गावात घोंगड्या वाटल्या होत्या. प्रत्येक घरी दोन.

आता मला थट्टा सुचत नाही, मामा, म्हणून सरळ लिहिते. मला भीती वाटते. गवत कमरेएवढं वाढून वाळलं आहे. दुपारी वारा सुटतो तेव्हा ते खडखडतं, नाक्यावर बसून मला ऐकू येतं. मी आणि दोन हंगामी मजूर मिळून पंधरा दिवसांत जाळरेषेचा चौथा हिस्सासुद्धा झाला नाही. खालच्या अंगाला तर काहीच नाही. कुणी विडी टाकली, कुणी ससा काढायला गवत पेटवलं, की संपलं. आणि या वेळी मी शिट्टी वाजवली तर कुणी येणार नाही.

रामूबुवांनी राईतला दिवा बंद केला आहे. मी विचारलं तर म्हणाले, ‘इकलेल्या घरात देवी ऱ्हाते का? दिवा कुनाला लावू?’

सातशे वर्षं या लोकांनी जे राखलं ते माझ्या कारकिर्दीत जाईल. तुमचा हेतू शुद्ध होता हे मला माहीत आहे. त्याचा मला काही उपयोग नाही.

रुचिका

*

राहनाळ
३ मार्च २०२५

चि. रुचिकास,

उद्या येतो. एकटा. राहायची सोय बघू नकोस. ब्लँकेटं आहेतच.

हरेशमामा

*

हिरडवाडी
१६ मार्च २०२५

सौ. मामींस,

नमस्कार. घाबरू नका, मामा जिवंत आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात आहेत, दोन्ही तळपाय भाजले आहेत, चार दिवसांत घरी सोडतील. नर्सला त्यांनी औषधांच्या कपाटाची मांडणी कशी चुकीची आहे हे समजावून झालं आहे, यावरून प्रकृतीचा अंदाज घ्या.

सगळं क्रमाने सांगते, कारण ते स्वतः सांगतील तेव्हा वणव्याची उंची रोज वाढत जाईल.

४ तारखेला मामा आले ते सरळ रामूबुवांच्या अंगणात गेले. हात जोडून म्हणाले, आकडे माझे, पोरीचा संबंध नाही, पुसून देतो. बुवा त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, ‘त्याला सांग, साल खरवडली तर याद राख.’ आता ऑइल पेंट खरवडल्याशिवाय निघतो का? मग मामांनीच डोकं लावलं. ओढ्याची तांबडी माती आणि शेण कालवून हाताने एकेक आकडा लिंपायला घेतला. पाऊस पडेपर्यंत झाकलेला राहील, मग माती धुऊन जाईल तेव्हा रंगही उडालेला असेल, असा त्यांचा हिशोब. अनवाणी, सफारीची बाही वर सारून, बादली घेऊन, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. गावातून कुणी त्यांच्याशी शब्द बोललं नाही. गुरांना पाणी पाजायला येणाऱ्या बायका थांबून बघायच्या आणि जायच्या. मामा प्रत्येकीला ‘नमस्कार वहिनी’ म्हणायचे. उत्तर एकीनेही दिलं नाही. मामी, ज्यांना गप्प राहणं ही शिक्षा वाटते त्या माणसाने आठ दिवस असे काढले. रात्री नाक्यावर येऊन माझ्याशी एवढं बोलायचे की मी झोपेतही हो म्हणायचे.

१२ तारखेला भरदुपारी खालच्या अंगाने धूर दिसला. वारा वर चढत होता. मी मजुरांना घेऊन धावले, शिट्टी वाजवली. गाव बाहेर पडलं, मागोमाग चढून आलं. सगळं गाव, बाया-पोरं धरून. आणि राईशेजारच्या टेकाडावर उभं राहून बघू लागलं. मी ओरडले, अहो या! तर एकजण म्हणाला, ‘राई इकलेली हाय ना? जळंल ती ठेकेदाराची जळंल.’ तो रागाने म्हणाला नाही. मला तेच सहन झालं नाही.

मामा राईत होते. आगीने खालची काठावरची झाडं धरली होती. ते माती टाकून सरळ तिकडे धावले आणि अंगातला शर्ट काढून त्याने आग झोडपायला लागले. सफारीचं कापड! दोन फटक्यांत त्याला भोकं पडली. मग बनियन काढला. वणवा नेहमी हिरव्या डहाळीने झोडपतात, मामी. मामांच्या डोक्याला लागत होती अशी हिरवीगार फांदी बाजूलाच होती. ती ते हाताने बाजूला सारत होते, पुन्हा येत होती, पुन्हा सारत होते. मोडत नव्हते. पायाखाली निखारे आणि हातात जळका बनियन.

टेकाडावरून रामूबुवा हे बघत होते. मी त्यांना म्हणताना ऐकलं, ‘आरं, फांदी का मोडीत न्हाय ह्यो?’ कुणीतरी म्हणालं, ‘तुमीच सांगितलंया ना, मोडायची न्हाय.’

आणि बुवा धावले. साठीचा माणूस, उतारावरून, धोतर वर खोचून. शिव्या देत. वणव्यात फांदी चालते हे त्या भिवंडीच्या बैलाला कुनी सांगितलं न्हाय का, असं ओरडत. कोण सांगणार होतं? त्यांच्याशी बोलत कोण होतं? बुवांनी पहिली डहाळी मोडून मामांच्या हातात दिली, तोपर्यंत मागून सगळं गाव उतरलं होतं.

तीन तासांत आग आटोक्यात आली. खालच्या काठाची काही झाडं गेली. वरची राई राहिली.

मामांना झोळीत घालून खाली आणलं. खांदा द्यायला चौघं लागले, आणि चौघंही वाटभर मामांचं वजन किती यावर बोलत होते. मामा शुद्धीवर होते, सगळं ऐकत होते, आणि मला वाटतं खूश होते.

ब्लँकेटं दवाखान्याला दिली.

तुमची,
रुचिका

*

राहनाळ
२ एप्रिल २०२५

चि. रुचिकास,

आशीर्वाद. पायांच्या पट्ट्या उद्या निघतील. मामी तिन्ही वेळा जेवण हातात आणून देते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी गोष्ट सांगते. तिच्या गोष्टीत वणवा आता राहनाळच्या पुलापर्यंत आला आहे. सुफियानने मला नवा सफारी शिवून आणला, म्हणाला, ‘सेठ, इस बार सूती लिया है, जलेगा तो बराबर जलेगा.’

तू मला शूर वगैरे काही लिहू नयेस म्हणून हे पत्र घाईने टाकतो आहे. एक गोष्ट मी तुझ्याशी खोटं बोललो.

मला माहीत होतं.

आपल्या राहनाळच्या शेताच्या बांधावर अकरा आंबे होते. तू फार लहान होतीस. तिथे गाळे बांधायचं मी ठरवलं, तेव्हा झाडांवर आकडे टाकायला माणूस आला होता आणि रंगाचा डबा मी धरला होता. मीच. एक ते अकरा. तुझी आई त्या दिवशी माहेरी आलेली, ती न जेवता परत गेली. आठवड्याने बांध मोकळा होता. आकडा टाकलेलं झाड जातं, हे मला तुझ्या हिरडवाडीच्या पोरांनी शिकवायची गरज नव्हती. आणि सुफियानने रविवारी सकाळी पहिल्याच झाडापाशी सांगितलं होतं, ‘सेठ, पहले किसी को पूछ तो लो.’ मी त्याला म्हटलं, तू छापा धर.

मग का केलं? गेले पंधरा दिवस पाय वर करून पडलो आहे, दुसरा उद्योग नाही, म्हणून विचार केला. त्या अंजनीखाली उभा राहिलो ना, तेव्हा मला फार भीती वाटली. एवढं मोठं, एवढं जुनं, आणि त्याला कुलूप नाही. असं काही आपल्या लोकांकडे राहत नाही, रुचिका. मी आमच्याकडचं गेलेलं पाहिलं आहे, घालवलेलं आहे. वाटलं, हे तरी राहावं. आणि मला सांभाळायची एकच रीत येते. मोजायचं आणि लिहून ठेवायचं. या वेळी आकडा टाकूनही झाड राहील, असं मी स्वतःला समजावलं. दिवसभर समजावत होतो, म्हणून तर एवढं न थांबता काम करत होतो.

तू मामीला लिहिलंस, काही झाडं गेली. काही नाही. एकोणीस. तीनशे चौऱ्याण्णव ते चारशे बारा. आम्ही वरून सुरुवात करून खालच्या काठाशी संपवलं होतं, म्हणून शेवटचे आकडे तिथे. त्यात सहा जांभळी, चार हिरडे, दोन फणसाड्या म्हणतात ती, एक करंज, बाकीची मला नावं येत नाहीत. चारशे सात नंबरच्या ढोलीत शेकरूचं काहीतरी होतं. रजिस्टर माझ्या उशाशी आहे.

त्या राईत काय जळलं हे जगात एकट्या मलाच बरोबर माहीत आहे. आणि मी मोजलं नसतं तर गावाने जाळरेषा काढली असती आणि काहीच जळलं नसतं.

हे तुझ्या साहेबाच्या खुलाशात घाल, नाहीतर घालू नकोस. रामूबुवांना मात्र सांग. मला तोंड नाही.

तुझा,
हरेश

*

हिरडवाडी
१० डिसेंबर २०२५

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. पत्राला आठ महिने उशीर झाला. लिहायला बसले की रागावायचं की रडायचं हे ठरत नव्हतं. दोन्ही करून झालं आहे, आता लिहिते.

आंब्यांचं आईने मला पूर्वीच सांगितलं होतं. तुम्ही कधी सांगाल का, याची ती वाट बघत होती. तुमचं पत्र तिला पाठवलं. ती तुमच्याशी आता बोलते आहे ना? मग झालं.

मला खुलाशावर ताकीद मिळाली, नोकरी शाबूत आहे. पावसाने माती गेली, रंग बराचसा गेला, काही आकडे अजून दिसतात. जळक्या पट्ट्यात हिरड्याच्या दोन खोडांना धुमारे आलेत. कितव्या नंबरच्या, ते तुम्ही येऊन बघा, मला मोजदाद जमत नाही.

रामूबुवांना तुमचं पत्र मी एप्रिलमध्येच वाचून दाखवलं होतं. सगळं, आंब्यांसकट. ऐकून झाल्यावर ते उठून गेले. राईत दिवा त्या दिवसापासून पुन्हा लागतो, पण त्याचा तुमच्याशी संबंध आहे असं ते मेले तरी कबूल करणार नाहीत. नंतर आठ महिने त्यांनी तुमचं नावही घेतलं नाही. मला वाटलं, संपला विषय.

परवा जाळरेषेची बैठक झाली. या वर्षी गावाने स्वतःहून डिसेंबरातच काम काढलं आहे. इथली रीत अशी की घरटी एक माणूस द्यायचा. ज्याच्या घरून माणूस येत नाही त्याला राईत नारळ ठेवता येत नाही. हिरडवाडीत घरं तीस. बुवा नावं सांगत होते, मी लिहून घेत होते. तीस झाली. मी वही मिटली.

बुवा म्हणाले, ‘मिटली का? एक ऱ्हायलं की.’

मी विचारलं, कुणाचं?

‘राहनाळचं.’

मी लिहिलं, मामा. अक्षर वाईट आलं. एकतीस : हरेश पाटील. बैठकीत कुणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही, जणू दरवर्षीच लिहितात.

काम रविवारी सुरू होतं. बुवांचा निरोप त्यांच्याच शब्दांत देते : ‘त्याला लिव, पाव्हना म्हनून आला तर दारात उभा करनार न्हाय. घरचा म्हनून ये, आन् सात वाजता ये.’

तुमची,
रुचिका